चेंज हिस्टरीत न सापडलेला बदल

सोमवार, ४ ऑक्टोबर २०२१. पितृपक्ष संपत आलेला, सर्वपित्री अमावास्या दोन दिवसांवर, गुरुवारी घटस्थापना. त्या रात्री जगातल्या दोन सर्वांत मोठ्या ऑनलाइन जाहिरात पेढ्यांपैकी एक जवळपास सहा तास इंटरनेटवरून नाहीशी झाली. खालच्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. मिनिटांपर्यंतच्या वेळा मुख्यतः क्लाउडफ्लेअर या कंपनीने बाहेरून केलेल्या नोंदींमधल्या. फेसबुकने नंतर दोन टिपणं काढली, पण त्यांत घड्याळाचा हिशेब नाही.

पहाट

अमेरिकेत अजून रविवारची संध्याकाळ आहे. सीबीएस वाहिनीच्या 'सिक्स्टी मिनिट्स' कार्यक्रमात फ्रान्सिस हॉगन ही फेसबुकची माजी कर्मचारी पहिल्यांदा चेहरा दाखवून बोलते. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर नेणारी ती हीच. मंगळवारी तिची सिनेटसमोर साक्ष आहे. या मुलाखतीचा रात्रीच्या प्रकाराशी काही संबंध असल्याचं कधी दिसलं नाही. तरी ती इथे नोंदवायला हवी, कारण रात्री दहा वाजता निम्मं जग 'हे मुद्दाम केलंय' असं म्हणणार आहे.

सकाळी अकरा

महाराष्ट्रात आज शाळा उघडल्या आहेत. ग्रामीण भागात पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर मास्क, डबा आणि रिक्षावाल्याच्या वेळा. फेब्रुवारीत केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे देशात व्हॉट्सॲप वापरणारे ५३ कोटी, फेसबुक वापरणारे ४१ कोटी, इन्स्टाग्रामचे २१ कोटी. या तिन्हींचा मालक एकच, ही गोष्ट आज दिवसभर कोणाच्या डोक्यातही येणार नाही.

जाहिरातींची खाती सांभाळणाऱ्यांचा सोमवार मात्र नेहमीसारखाच सुरू होतो, म्हणजे एका ठरावीक पडद्यापासून. गुगलकडे त्याचं नाव चेंज हिस्टरी, फेसबुकच्या ॲड्स मॅनेजरमध्ये ॲक्टिव्हिटी हिस्टरी. खात्यात कोणी, केव्हा, काय बदललं याची ओळ न् ओळ तिथे असते. बोली वाढवली, बजेट अर्ध्यावर आणलं, जाहिरात थांबवली, 'पुणे' काढून 'महाराष्ट्र' टाकलं. आधी काय होतं, आता काय आहे, वेळ कोणती, आणि कोणाच्या लॉगिनने झालं. गुगलची यादी दोन वर्षं मागे जाते. त्यातले काही बदल तीस दिवसांच्या आत तिथल्या तिथे उलटवताही येतात. बदल माणसाने हाताने केला, की स्क्रिप्टने, की आपोआप लागू होणाऱ्या शिफारशीने, हेसुद्धा कळतं.

खरं सांगायचं तर या यादीचा रोजचा उपयोग तांत्रिक कमी आणि भांडण मिटवण्याचा जास्त. दुकानदाराचा फोन येतो, 'काल खर्च दुप्पट कसा झाला हो?' एजन्सीतला पोरगा यादी उघडतो. शनिवारी रात्री अकरा वाजता दुकानदाराच्याच पुतण्याने बजेटमध्ये एक शून्य जास्त टाकलेलं असतं. विषय संपतो, आवाज खाली येतो. खात्यात पाच जणांचे हात असले की अशा यादीशिवाय धंदा होत नाही. म्हणून या लोकांना एक सवय लागते: आकडा हलला की आधी स्वतःचा हात तपासायचा.

आजच्या रात्री हीच सवय उपयोगाची ठरणार नाही.

दुपार

थोडा पैशाचा विषय. २०२० साली फेसबुकची एकूण कमाई ८,५९७ कोटी डॉलर झाली, त्यातले ८,४१७ कोटी जाहिरातींचे. म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव. लोक त्याला समाजमाध्यम म्हणतात, आणि चुकीचं नाही. पण हिशेबाच्या वहीत ती जाहिरातीची पेढी आहे, बाकी सगळं गिऱ्हाईक बसवून ठेवायला. एक कोटीहून जास्त जाहिरातदार असल्याचं कंपनीने आदल्याच वर्षी सांगितलं होतं. त्यातले बहुतेक सगळे लहान: साडीवाले, क्लासवाले, लोणची-मसाले घरून विकणाऱ्या बायका, गावाबाहेरचे रिसॉर्टवाले.

संध्याकाळी सात

पितृपक्षात नवी खरेदी टाळणारी गिऱ्हाईकं बघतात मात्र भरपूर. हे ठाऊक असलेले दुकानदार नवरात्राच्या जाहिराती आठवडाभर आधी सुरू करतात. शिवाय यंदा राज्यातली मंदिरंही घटस्थापनेलाच उघडणार आहेत. दीड वर्षाच्या मंदीनंतरचा हा पहिला मोकळा सण.

लवकर सुरू करायला आणखी एक कारण आहे, ते फक्त या धंद्यातल्यांनाच माहीत असतं. नवी जाहिरात लावली की फेसबुकची यंत्रणा काही दिवस चाचपडत असते, कोणाला दाखवली तर कोण विकत घेतं हे शिकत असते. याला 'लर्निंग फेज' म्हणतात. आठवड्यात साधारण पन्नास विक्र्या किंवा चौकश्या हाती लागल्या की ती स्थिरावते. त्या आधी बजेट, गिऱ्हाईकवर्ग किंवा जाहिरातीचं चित्र यांत मोठा बदल केला, की शिकलेलं सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अनुभवी माणूस या दिवसांत हात बांधून बसतो. गुरुवारी गर्दी सुरू होईपर्यंत यंत्रणा शिकलेली हवी असेल, तर सोमवार, मंगळवार, बुधवार कशालाही हात लावायचा नाही.

जेवणानंतरचे दोन तास हे आपल्याकडे मोबाइल चाळण्याचे. दिवसाच्या बजेटमधला भरघोस वाटा आता खर्च व्हायचा आहे.

रात्री ९च्या सुमारास

कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला सकाळचे साडेआठ. कोविडमुळे कंपनीतले बहुतेक लोक घरूनच काम करत आहेत.

जगभर पसरलेली डेटा सेंटरं एकमेकांना जोडण्यासाठी फेसबुकने स्वतःचं जाळं उभारलं आहे, हजारो मैल लांबीच्या फायबर केबलींचं. त्याला ते 'बॅकबोन' म्हणतात. या जाळ्याची देखभाल सतत चालते; कुठे एखादी केबल दुरुस्तीसाठी बंद, कुठे राउटरवर नवं सॉफ्टवेअर. असंच एक नेहमीचं काम आज चालू आहे. बॅकबोनची क्षमता जगभरात किती शिल्लक आहे ते पाहण्यासाठी कोणीतरी एक आज्ञा देतो.

अशा आज्ञा थेट अमलात येत नाहीत. त्या आधी एका तपासणी साधनातून जातात, कंपनीच्या भाषेत 'ऑडिट टूल'. जाहिरातदाराच्या खात्यातली चेंज हिस्टरी झालेल्या बदलाकडे मागे वळून बघते. हे साधन होऊ घातलेला बदल उंबरठ्यावर अडवतं. आज्ञा घातक दिसली तर ती थांबवणं हे त्याचं एकमेव काम.

आज ते थांबवत नाही. साधनातच दोष आहे. आज्ञा आत जाते आणि क्षमता मोजण्याऐवजी बॅकबोनच्या सगळ्या जोडण्या तोडते.

फेसबुकच्या पायाभूत यंत्रणांचे प्रमुख संतोष जनार्दन यांनी दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या टिपणात या साधनाबद्दल एक वाक्य आहे. दोष कधीपासून होता, आधी कोणाच्या लक्षात आला होता का, त्याच साधनाने त्याआधी किती आज्ञांना डोळे झाकून हिरवा कंदील दाखवला, यातलं काहीच नाही. टिपण एरवी प्रांजळ आहे, बऱ्याच कंपन्या लिहितात त्याहून कितीतरी जास्त. पण सगळ्या रात्रीचं मूळ ज्या एका वस्तूत आहे तिच्या वाट्याला एकच वाक्य यावं, हे मला पटत नाही.

९.१०

क्लाउडफ्लेअरच्या पडद्यावर फेसबुककडून मार्गबदलाच्या घोषणांची एकदम उसळी दिसते.

इंटरनेटवर प्रत्येक मोठं जाळं 'माझ्याकडे यायचा रस्ता हा' अशी घोषणा सतत करत असतं. त्या व्यवस्थेला बीजीपी म्हणतात. नावावरून पत्ता सांगणारी ती डीएनएस. फेसबुकचे डीएनएस सर्व्हर छोट्या छोट्या केंद्रांत विखुरलेले होते आणि त्यांना एक शहाणपणाचा नियम घालून दिला होता: आपला डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपल्यातच काही बिघाड आहे असं समजावं, आणि आपल्याकडे येणाऱ्या रस्त्याची घोषणा मागे घ्यावी. एखादं केंद्र आजारी असताना हा नियम उत्तम. आज बॅकबोनच नाही, म्हणजे प्रत्येक केंद्राला आपणच आजारी आहोत असं वाटतं. सगळी एकाच वेळी घोषणा मागे घेतात. गाव जागच्या जागी आहे, घरांत दिवे आहेत, फक्त गावाकडे जाणाऱ्या सगळ्या रस्त्यांवरच्या पाट्या गावानेच उपटून नेल्या आहेत.

इथे कोणी चोर नाही, हल्ला नाही. एक आज्ञा चुकली, एक पहारेकरी झोपला, आणि बाकीच्या यंत्रणेने नेमून दिलेलं काम चोख केलं.

९.२१

क्लाउडफ्लेअरचे अभियंते आपल्या कंपनीत धोक्याची नोंद उघडतात. फेसबुकचा पत्ता मिळत नाही असं दिसतंय. त्यांना वाटतं आपल्याच डीएनएस सेवेत बिघाड झाला. म्हणजे त्यांनीही तेच केलं जे आपला जाहिरातवाला पोरगा करतो: आधी स्वतःचा हात तपासला.

९.२८

आता त्यांना उमगतं की फेसबुकने आपल्या डीएनएसकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या घोषणाच बंद केल्या आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, मेसेंजर, सगळं एकाच वेळी. पत्ता मिळत नाही म्हणून मोबाइलमधली ॲप पुन्हा पुन्हा विचारत राहतात, माणसंही पुन्हा पुन्हा बोट लावत राहतात. क्लाउडफ्लेअरकडे या नावांची विचारणा नेहमीच्या तीसपट होते.

महाराष्ट्रात याच वेळी हजारो घरांत राउटर बंद करून चालू केला जातोय. रिचार्ज संपला का ते बघितलं जातंय. 'तुझं व्हॉट्सॲप चालतंय का' हे विचारायला फोन करावा लागतोय, कारण एरवी हा प्रश्न व्हॉट्सॲपवरच विचारला असता.

९.४५

जाहिरातवाल्यांपैकी जे जागे आहेत ते ॲड्स मॅनेजर उघडायला जातात. उघडत नाही. साहजिकच, तेही फेसबुकच्याच घरात राहतं. आपली जाहिरात चालू आहे की बंद, पैसे जात आहेत की नाही, शेवटचा बदल कोणी केला, हे सांगणारी यादीही तिथेच. दुकानाला आग लागावी आणि वही दुकानातच असावी, तसली गत. हजारो खात्यांची ॲक्टिव्हिटी हिस्टरी शाबूत आहे, एक ओळही पुसलेली नाही, आणि ती वाचता येत नाही.

आणखी एक नुकसान होत असतं, ते त्या वेळी दिसतही नाही. दुकानाच्या स्वतःच्या वेबसाइटवर फेसबुकचा 'पिक्सेल' बसवलेला असतो. कोणी खरेदी केली की तो फेसबुकला कळवतो. आता कळवायचं कोणाला? दुपारी इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिलेली बाई या तासात थेट साइटवर येऊन साडी घेते. पैसे दुकानदाराला मिळतात, पण शिकणाऱ्या यंत्रणेच्या वहीत ही विक्री त्या क्षणी लागत नाही.

कंपनीचा जाहीर खुलासा दहाच्या आतच येतो, ट्विटरवर. दुसरी जागाच उरलेली नाही.

रात्री १०.३० ते १२

आता ज्याच्यासाठी हा घटनाक्रम लिहायला घेतला तो भाग. कोणती आज्ञा चुकली हे कळल्यावर ती उलटवायला किती वेळ लागावा?

गुगलचं एक उदाहरण बघा. ४ डिसेंबर २०१८ रोजी गुगलच्या जाहिरात यंत्रणेवर प्रशिक्षण चालू असताना एका शिकाऊ माणसाने सरावाची हद्द ओलांडून खरीच ऑर्डर टाकली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या असंख्य साइटींवर आणि ॲपमध्ये कोरा पिवळा चौकोन दिसू लागला, तोही बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीने. सुमारे ४५ मिनिटं हे चाललं. फायनान्शिअल टाइम्सने खर्चाचा अंदाज एक कोटी डॉलर दिला. साइटवाल्यांचे पैसे देऊ असं गुगलने मान्य केलं. चूक मोठी, पण ती पाऊण तासात थांबली, कारण कोणी, काय, कुठे केलं हे बघता येत होतं आणि बंद करायचं बटण हाताशी होतं.

फेसबुककडे आज दोन्ही नाही. डेटा सेंटरपर्यंत पोचायचा नेहमीचा दूरचा मार्ग ज्या जाळ्यातून जातो ते जाळंच पडलंय. अडीअडचणीसाठी ठेवलेला वेगळा मार्गही बंद. आणि डीएनएस गेल्यामुळे बिघाड शोधण्याची कंपनीची अंतर्गत साधनंही चालेनात. घरी बसलेले कर्मचारी एकमेकांशी ज्या मंचावर बोलतात तोही फेसबुकचाच. न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदाराने तर कळवलं की काहींची ओळखपत्रं इमारतीचे दरवाजेही उघडत नव्हती.

मग उरतं ते जुनं साधन: माणूस पाठवणं. अभियंते डेटा सेंटरकडे निघतात. पण तिथली सुरक्षा मुद्दाम अवघड ठेवलेली. आत शिरायला वेळ, आणि शिरल्यावर राउटरला हात लावायला आणखी वेळ, कारण समोर उभा असलेला माणूसही सहज काही बदलू शकू नये अशीच ती यंत्रं बनवली आहेत. जनार्दन यांनी नंतर लिहिलं की रोजची सुरक्षा भक्कम राहावी म्हणून एखाद्या विरळ प्रसंगी सावरायला उशीर लागला, तर तो सौदा त्यांना मान्य आहे.

त्यांच्या बाजूने हे बरोबरच आहे. फेसबुकचा राउटर कोणी चालता चालता बदलू शकला असता तर मला जास्त भीती वाटली असती. फक्त या सौद्यात दुसरीकडे एक कोटी जाहिरातदार उभे होते, आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

मध्यरात्र

भारतीय खात्यांचा दिवस इथे संपतो. दिवसाचं बजेट ठेवणाऱ्यांचं सोमवारचं गणित ९.१० लाच थांबलेलं आहे. जाहिरात दिसली नाही म्हणजे तिचे पैसेही लागले नाहीत, त्यामुळे खिशाला थेट चाट नाही. गेलेली आहे ती वेळ. तारीख ठरवून एकरकमी बजेट लावलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे उरलेले पैसे यंत्रणा उरलेल्या तासांत कोंबणार.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे अडीच वाजलेत. तिथल्या जाहिरातदाराचा ऐन धंद्याचा दिवस जातोय, आपल्याकडे निदान लोक झोपलेत.

१.३०

न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद होतो. फेसबुकचा शेअर ४.९ टक्के खाली. त्यात हॉगनबाईंच्या मुलाखतीचा आणि त्या दिवशी सगळ्याच तंत्रज्ञान कंपन्यांच्या पडझडीचा वाटा किती, हे कोणाला वेगळं काढता येणार नाही.

कंपनीचा किती धंदा बुडाला? २०२१ या पूर्ण वर्षात जाहिरातींतून ११,४९३ कोटी डॉलर आले. साधा भागाकार केला तर तासाला एक कोटी एकतीस लाख डॉलर. सहा तासांचे आठ कोटींच्या आसपास. हा सरासरीचा हिशेब आहे. काही खर्च नंतरच्या दिवसांत भरूनही निघाला असणार.

२.३०

क्लाउडफ्लेअरच्या पडद्यावर फेसबुककडून पुन्हा हालचाल दिसू लागते. माणसं राउटरपर्यंत पोचली आहेत.

पण जाळं जुळलं म्हणून सगळ्या सेवा एकदम सुरू करता येत नाहीत. काम थांबल्यामुळे एकेका डेटा सेंटरचा वीजवापर दहांच्या पटीत मोजाव्या इतक्या मेगावॉटांनी उतरला आहे. कोट्यवधी मोबाइल एकाच क्षणी आत घुसले तर विजेच्या यंत्रणेपासून साठवलेल्या माहितीपर्यंत काहीही कोसळू शकतं. कंपनी वर्षानुवर्षं 'स्टॉर्म' नावाची कवायत करत आली होती. मुद्दाम एखादी सेवा, एखादं डेटा सेंटर किंवा अख्खा प्रदेश बंद पाडून सावरण्याचा सराव. त्याचा इथे खरोखर उपयोग झाला. सगळा बॅकबोन गेला तर काय, याची कवायत मात्र कधीच केलेली नव्हती.

२.४७, २.५०, २.५८

घोषणांची उसळी. मग फेसबुकचं नाव पुन्हा पत्ता दाखवू लागतं. मग क्लाउडफ्लेअर नोंदवतं की फेसबुक जगाशी जोडलं गेलेलं दिसतंय. व्हॉट्सॲप पूर्ण रुळावर यायला आणखी वेळ जातो. टेलिग्रामच्या पावेल दुरोवने नंतर सांगितलं, त्या एका दिवसात त्यांच्याकडे सात कोटी नवे लोक आले.

मंगळवार, सकाळी दहा

ॲड्स मॅनेजर उघडतं. तासागणिक आलेख नऊनंतर खोल दरीत गेलेला, तीनला वर आलेला.

आता सवयीने ॲक्टिव्हिटी हिस्टरी उघडली जाते, आणि ४ ऑक्टोबरच्या रात्रीखाली काही नाही. कोणी बजेट बदललं नाही, जाहिरात थांबवली नाही, कार्ड नाकारलं गेलं नाही. वर्षातला सगळ्यात मोठा बदल झाला त्या रात्रीची यादी कोरी आहे. यात साधनाचा दोष म्हणता येणार नाही. ती यादी खातेदारांच्या हातांची आहे. पेढीच्या हाताची नोंद तिच्यात होतच नाही. पण ज्याने पूर्ण विश्वासाने तिलाच खात्याचा इतिहास मानलं, त्याची फसगत होते.

खरं नुकसान काहींनी या सकाळी स्वतःच्या हाताने करून घेतलं. रात्रीची भरपाई म्हणून बजेट दुप्पट केलं, जाहिराती बंद करून नव्याने लावल्या. लर्निंग फेज पुन्हा पहिल्यापासून, आणि घटस्थापना दोन दिवसांवर. गंमत अशी की हे बदल मात्र यादीत नावानिशी, वेळेनिशी नोंदले गेले. महिन्याच्या शेवटी नवरात्राचा हिशेब बघायला बसलेल्या दुकानदाराला त्यात काय दिसणार? फेसबुक सहा तास बंद होतं हे नाही. एजन्सीच्या पोराने ५ तारखेला बजेट हलवलं आणि विक्री पडली, हे.

त्यानंतर

शुक्रवारी ८ ऑक्टोबरला, आपल्याकडे मध्यरात्र उलटत असताना, फेसबुकच्या सेवा पुन्हा सुमारे दोन तास अडखळल्या. कारण सांगितलं गेलं: संरचनेत केलेला एक बदल, सोमवारच्या प्रकाराशी संबंध नाही. १३ मार्च २०१९ च्या मोठ्या बंदचं कारणही सर्व्हरच्या संरचनेतला बदल असंच सांगितलं होतं.

२३ एप्रिल २०२३ चा रविवार याच्या नेमका उलटा गेला. तेव्हा मेटा झालेल्या या कंपनीची यंत्रणा पहाटेच बेफाम झाली आणि अनेकांचं दिवसभराचं बजेट काही तासांत खर्चून मोकळी झाली. जाहिरातदारांनी उठून बदलांची यादी पाहिली. त्यांच्यापैकी कोणी काहीच केलं नव्हतं. तांत्रिक बिघाड होता आणि तो दुरुस्त केला, असं कंपनीने सांगितलं. परताव्यासाठी ज्यांना भांडायचं होतं त्यांच्या हातात पुरावा म्हणून काय होतं? पेढीनेच दिलेले पेढीचे आकडे.

तेव्हा खातं सांभाळत असाल तर एवढं करा. गुगलची चेंज हिस्टरी उतरवून घेता येते; महिन्यातून एकदा घ्या. मेटाची निदान पडद्यावरून टिपून ठेवा. ही प्रत त्या दोघांच्याही घरात नसेल अशा जागी असू द्या. आणि शेजारी स्वतःची एक साधी वही ठेवा, ज्यात आपण काहीच न करता आकडे हलले त्या तारखा आणि वेळा लिहिल्या जातील. या नोंदी तुमच्याऐवजी दुसरं कोणी ठेवत नाही.